हनन्याची दोन वर्षे

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतला एकोणीस वर्षांचा मुलगा सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराने गेला. दफनविधी आटोपून आम्ही त्याच्या घरी परतलो आणि ओसरीवर टेकतो न टेकतो तोच वाद पेटला. आमच्या चर्चच्या मंडळीतले एक ज्येष्ठ बंधू म्हणाले, "एवढ्या उपवास-प्रार्थना झाल्या, पण घरात एकमन नव्हते. विश्वास डगमगला तर देव काय करणार?" मुलाच्या वडिलांचे एक सहकारी, सरळ आणि सज्जन माणूस, त्यावर उसळले. "एकोणीस वर्षे ज्याची वाट पाहिली तो आलाच नाही, आणि दोष पुन्हा यांचाच?" दोघांचेही आवाज चढले. शेवटी आतून एक आजी बाहेर आल्या. "काहून भांडून राहिले जी तुम्ही? त्या माउलीनं सकाळपासून पानी नाही घेतलं." ओसरी गप्प झाली. वाद मात्र संपला नाही. पुढचे तीन रविवार तो उपासनेनंतर चर्चच्या आवारात आणि नंतर चहाच्या टपरीवर चालूच राहिला. मी तो शेवटपर्यंत ऐकला, कारण माझ्या बहिणीची मुलगीही 'एसएस पॅटर्न'ची आहे, म्हणजे तिलाही हाच आजार आहे. सतरा वर्षांची आहे ती, आणि ओसरीवर बोललेला प्रत्येक शब्द उद्या आमच्याही दाराशी येऊ शकतो.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. हे दोघे एकमेकांवर ओरडत असले तरी एका गोष्टीवर त्यांचे एकमत आहे, आणि नेमकी तीच गोष्ट चुकीची आहे. देवाच्या विश्वासूपणावर भरवसा ठेवणे म्हणजे आपल्याला हवा तो निकाल आपल्या मुदतीत मिळणारच अशी खात्री बाळगणे, हे दोघांनीही धरून चालले आहे. निकाल लागला नाही की एकाला त्याचे कारण माणसाच्या विश्वासात सापडते, तर दुसऱ्याला देवाच्या नसण्यात. पण बायबलमधल्या ज्या देवाबद्दल आपण बोलतो, त्याने अशी हमी कुठे दिली आहे? त्याने सोडून न देण्याचे वचन दिले. त्या वचनाच्या जोरावर त्याला जाब विचारता येतो, आणि जाब विचारतानाही हातातले काम खाली ठेवावे लागत नाही.

नागपूरला श्रद्धेचा वाद नवा नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाची चळवळ या शहरात मुरलेली आहे. चमत्कार सिद्ध करा आणि बक्षीस घेऊन जा, ही आव्हाने ऐकतच आमची पिढी मोठी झाली. २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला आणि साप-विंचू चावलेल्या माणसाला डॉक्टरकडे जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणे गुन्हा ठरले. एक श्रद्धावान माणूस म्हणून मला त्या कायद्याबद्दल कृतज्ञताच वाटते. अडचण इतकीच झाली की चमत्कार घडतो की नाही, हा एकच प्रश्न सगळी जागा व्यापून बसला. ज्या घरात चमत्कार घडला नाही, आणि बहुतेक घरे अशीच असतात, त्या घराने उद्या सकाळी उठून काय करायचे? यावर दोन्ही पक्षांकडे बोलायला काही नसते.

त्या घरातली सकाळ कशी असते ते सांगायला हवे. आईवडील दोघेही 'एएस', म्हणजे या आजाराचे वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणी मूल 'एसएस' होण्याची शक्यता चारात एक. लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि आतून कुणी हाडे पिळावीत तसे दुखायला लागते. नागपूरच्या मे महिन्यात अंगातले पाणी कमी झाले की हे दुखणे उठते. डिसेंबरच्या कडाक्यातही उठते. हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने ते कमी होते, पण थांबेलच असे नाही. माझी बहीण रात्री पाण्याची बाटली भरून मुलीच्या उशाशी ठेवते, पहाटे तिच्या डोळ्यांचा पिवळेपणा बघते, गोळ्यांची पट्टी मोजते, पुढच्या तपासणीची तारीख कॅलेंडरवर लिहिते. याला आपण 'वाट पाहणे' म्हणतो. त्यात रिकामेपण कुठे आहे?

तरीही माझ्या भूमिकेविरुद्धचा सर्वांत बळकट मुद्दा याच शहराच्या मातीत उभा आहे, आणि तो टाळून पुढे जाणे नागपूरकराला शोभणार नाही. १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला. तो काही वर्षे चालला. माणसे अक्षरशः देवाच्या दाराशी वाट पाहत होती आणि दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला इथे, आज जिला दीक्षाभूमी म्हणतात त्या जागेवर, लाखो लोकांसह धम्म स्वीकारला. शतकानुशतके ज्यांना 'थांबा, देवाच्या मनात येईल तेव्हा' असे सांगितले गेले, त्यांनी थांबणेच नाकारले. त्या वाटेवर देवाला जागा नव्हती. तो निर्णय ओढूनताणून माझ्या श्रद्धेच्या बाजूचा पुरावा करणे अप्रामाणिकपणाचे होईल. मला त्यातून जे घ्यायचे आहे ते कडू आहे. 'वाट पाहा' हे शब्द दाराच्या आत बसलेल्यांनी बाहेर उभ्या असलेल्यांना सांगितले, आणि देवाचे नाव त्यासाठी वापरले.

हा दोष माझ्या धर्मातही तितकाच आहे. १९६३ साली अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून मार्टिन ल्यूथर किंग यांनी आठ धर्मगुरूंना जे उत्तर लिहिले ते याचसाठी. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी घाई करू नका, वेळ येऊ द्या, असा त्या धर्मगुरूंचा सल्ला होता. 'थांबा' याचा अर्थ जवळजवळ नेहमीच 'कधीच नाही' असा निघत आला आहे, हे किंग यांनी त्यांना सुनावले. ते स्वतः पाळक होते. देवाच्या न्यायावर त्यांचा भरवसा त्या आठ जणांपेक्षा कमी होता असे कोण म्हणेल? म्हणून वाट पाहण्याचा उपदेश कानावर आला की मी आधी एवढेच बघतो, की सांगणारा स्वतः कुठे उभा आहे. ओसरीवरच्या बंधूंच्या घरात सिकलसेल नाही. त्यांच्या बोलण्याने मला राग आला तो याच कारणाने.

आता बायबलमधल्या यिर्मया या संदेष्ट्याकडे वळतो, कारण तो वेढा पडलेल्या शहराच्या आत उभा राहून बोलत होता. ख्रिस्तपूर्व ५९७ मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेमेतली बरीच माणसे बाबेलला कैद करून नेली. मागे राहिलेल्यांना एकच प्रश्न होता: ती परत कधी येणार? हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर उभा राहिला आणि त्याने तारीखच देऊन टाकली. दोन वर्षांत सगळे परत येतील, देव असे म्हणतो. लोकांना किती बरे वाटले असेल! यिर्मया तिथेच होता. तो आधी काय म्हणाला, हे मला फार महत्त्वाचे वाटते. तो म्हणाला, आमेन, परमेश्वर तसे करो. त्यालाही तेच हवे होते. पण हवे असणे आणि देवाने सांगितलेले असणे यांतला फरक त्याला ठाऊक होता. त्याने बाबेलमधल्या कैद्यांना पत्र पाठवले, त्यात आकडा होता सत्तर वर्षांचा. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या प्रौढ माणसाने बोटांवर मोजून बघितले असते तर त्याला कळलेच असते की परतीच्या वाटेवर आपण नसू.

त्याच पत्रातले एक वचन आमच्या प्रत्येक घरात भिंतीवर असते. देवाच्या मनातले संकल्प आपल्या हिताचे आहेत आणि त्यांत आशा आहे, असे ते वचन. नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर, लग्नपत्रिकेवर, दहावीच्या निकालाच्या दिवशी आम्ही ते वाचतो. त्याच्या लगेच आधीचे सत्तर वर्षांचे वाक्य मात्र कॅलेंडरवर छापलेले मी कधी पाहिले नाही. आणि त्याआधी काय आहे? घरे बांधा आणि त्यांत राहा. बागा लावा आणि त्यांचे फळ खा. मुलामुलींची लग्ने करा. ज्या शहरात तुम्हाला कैद करून आणले त्या शहराच्या भल्यासाठी खटपट करा. हनन्याचे ऐकणाऱ्याने बाग कशाला लावली असती? दोन वर्षांसाठी कोणी कलमे लावत नाही. खोटी तारीख माणसाला आळशी करते आणि ती टळली की उद्ध्वस्त करते. आमच्या प्रार्थनासभांत हनन्या आजही बोलतो. 'येत्या पेंटेकॉस्टपर्यंत पोर पूर्ण बरी होईल' असे कुणीतरी माझ्या बहिणीला डोळे मिटून सांगितले होते. तो पेंटेकॉस्टचा सण ती मुलीसोबत वॉर्डात होती. त्यानंतर चार महिने ती प्रार्थनेला बसलीच नाही, आणि मी तिला एका शब्दाने दोष देऊ शकलो नाही.

याच धर्तीचे दुसरे एक सांत्वन आमच्याकडे फार चालते, संत्र्याचे. नागपूरचा उपदेशक संत्र्याशिवाय बोलणार कसा? बहार धरायचा तर झाडाला ताण द्यावा लागतो. आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडतात, पाने गळतात, आणि मग पाणी दिले की झाड फुलून येते. तसाच देव तुम्हाला ताण देतो आहे, असे उपदेशक सांगतो आणि लोक माना डोलावतात. मी काटोलकडच्या बागा लहानपणापासून पाहिल्या आहेत. ताण जास्त झाला तर झाड फुलत नाही, वाळते, हे तिथल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. सतरा वर्षांच्या मुलीच्या हाडांतल्या वेदनेला बहाराची तयारी म्हणणे मला क्रूरपणाचे वाटते. संत्र्यातून काही शिकायचेच असेल तर झाडाकडे न पाहता शेतकऱ्याकडे पाहावे. कलम लावल्यापासून पहिले चांगले पीक हाती यायला पाच-सहा वर्षे जातात. तेवढ्या काळात तो आंतरपीक घेतो, आळी करतो, डिंक्या लागू नये म्हणून पावसाळ्यापूर्वी खोडाला बोर्डो मलम फासतो. फेब्रुवारीत गारपीट येऊ शकते, भादव्यात फळगळ होऊ शकते, हे त्याला पक्के माहीत असते. तरी तो बागेत जातो. या जाण्याला मी भरवसा म्हणतो.

यावर मुलाच्या वडिलांचे ते सहकारी मला टपरीवर म्हणाले, आणि हा त्यांचा खरा धारदार प्रश्न होता: "मुलगा वाचला असता तर तुम्ही म्हणाला असता देव विश्वासू आहे. तो गेला, तरी म्हणता देव विश्वासू आहे. मग या वाक्याला अर्थ काय उरला?" मी तिथे लगेच उत्तर देऊ शकलो नाही. आजही माझ्याकडे त्यांना गप्प करणारे उत्तर नाही, आणि तसे असल्याचा आव आणणाऱ्यांपासून मी लांब राहतो. देवाचे विश्वासूपण हा हवामानाचा अंदाज असता, तर तो केव्हाच खोटा ठरला असता, हे मला मान्य आहे. पण माणसामाणसांतला भरवसा तरी अंदाजासारखा कुठे चालतो? आई मुलीला म्हणते, मी आहे. त्या वाक्याने ताप उतरत नाही. तरी ते वाक्य पोकळ नाही. ते खोटे ठरू शकते, आई उठून निघून गेली तर. म्हणून माझ्या लेखी प्रश्न असा आहे, की देव निघून गेला का? हा प्रश्न विचारायला बायबल घाबरत नाही. तेराव्या स्तोत्राच्या सुरुवातीलाच 'कोठवर?' हा प्रश्न चारदा येतो. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, शेवटी उजेडाची एक ओळही जोडलेली नाही. विलापगीतात, देवाची दया रोज सकाळी नवी असते आणि त्याचे विश्वासूपण थोर आहे, असे शब्द येतात, पण ते जळालेल्या शहराच्या राखेत बसून म्हटलेले आहेत, आणि ते पुस्तक संपते ते, तू आम्हाला कायमचे टाकून तर दिले नाहीस ना, या शंकेवर. ज्यांनी हे ग्रंथ जपले त्यांनी ही शंका खोडून टाकली नाही. ज्याच्यावर भरवसा नाही त्याच्यापाशी इतकी तक्रार कोण करतो?

शिवाय वाट पाहणे ही श्रद्धावानांचीच मक्तेदारी असल्यासारखे का बोलायचे? सिकलसेलचे पहिले वैद्यकीय वर्णन शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये केले. हा रेणूच्या पातळीवरचा आजार आहे हे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवले. हायड्रॉक्सीयुरियाला या आजारासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली १९९८ मध्ये, आणि जनुकात दुरुस्ती करणाऱ्या उपचाराला २०२३ च्या अखेरीस. त्याच वर्षी १ जुलैला आपल्याकडे सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. त्याचे उद्दिष्ट आहे २०४७. हेरिक यांच्या लेखापासून पहिल्या प्रभावी गोळीपर्यंत अठ्ठ्याऐंशी वर्षे! मधल्या पिढ्यांतल्या संशोधकांना उत्तर मिळालेले नव्हते, तरी ते प्रयोगशाळेत जात राहिले. त्यांच्याजवळ यशाचा पूर्वानुभव होता, पुरावे होते, हे सहकाऱ्यांचे म्हणणे बरोबर आहे, आणि प्रार्थनेने त्या गोळीची जागा घेऊ नये हेही. पण न दिसणाऱ्या शेवटाकडे पाहून आजचे काम करणे वेडेपणाचे नसते, एवढे तर त्या इतिहासावरून त्यांनीही मान्य करावे.

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात हात जोडून थांबणे आणि काम करत थांबणे, दोन्ही आले. १८७४ च्या सुमारास दक्षिणेतल्या दुष्काळात त्यांचे आईवडील अन्नान्न करत गेले, मागोमाग बहीणही. होते नव्हते ते दान-अनुष्ठानांत घालून कुटुंब दैवी साहाय्याची वाट पाहत राहिले होते, आणि ती वाट पाहणे किती भयंकर होते हे रमाबाईंनी पुढे स्वतः सांगितले. त्यानंतर १८९७ मध्ये मध्य प्रांतात, म्हणजे ज्याची राजधानी आपले नागपूर होते त्या मुलखात, दुष्काळ पडला. तेव्हा रमाबाई देवावर भरवसा ठेवून घरी बसल्या का? त्या इकडे आल्या, उपाशी मुली आणि विधवा शोधून काढल्या आणि शेकडो जणींना पुण्याकडे घेऊन गेल्या. त्यातून केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले. धर्म बदलला म्हणून हा फरक पडला असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे सोपे आहे आणि खोटे आहे. हात जोडून निकालाची वाट पाहणारे ख्रिस्ती मी ढिगाने पाहिले आहेत. रमाबाईंचा भरवसा त्यांना दुष्काळी मुलखात घेऊन गेला, एवढीच गोष्ट मला पुरते.

विलापगीतात विश्वासूपणासाठी जो इब्री शब्द आहे तो 'एमुना'. हाच शब्द बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात एका अगदी साध्या ठिकाणी येतो. अमालेकी लोकांशी लढाई चाललेली असते. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे टेकडीवर हात वर करून उभा असतो आणि त्याचे हात भरून येतात. तेव्हा अहरोन आणि हूर त्याला बसायला धोंडा देतात आणि दोन्ही बाजूंनी त्याचे हात धरून ठेवतात. सूर्य मावळेपर्यंत त्याचे हात 'एमुना' राहिले, म्हणजे स्थिर राहिले, असे तिथे म्हटले आहे. मला हे वाचून रडू आले होते. ज्या शब्दाने आपण देवाचे थोर विश्वासूपण गातो, तोच शब्द इथे एका थकलेल्या माणसाच्या हातांसाठी आला आहे, आणि तेही दुसऱ्यांनी धरून ठेवलेल्या हातांसाठी. त्या दिवशी मोशेचा विश्वास किती पक्का होता, हे अहरोनाने विचारल्याचे कुठे लिहिलेले नाही.

बायबलमधल्या, सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्रही आधी सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तेवढेच त्यांनी बरोबर केले. पुढे त्यांनी त्याच्या दुःखाची कारणे सांगायला सुरुवात केली, आणि शेवटी देवाचा राग त्या कारणे सांगणाऱ्यांवर झाला, आक्रोश करणाऱ्या ईयोबावर नाही. आमच्या ज्येष्ठ बंधूंना मी हे वाचून दाखवले. त्यांना वाईट वाटले. ते दुष्ट नाहीत. एवढ्या मोठ्या दुःखापुढे काहीतरी कारण हाताशी असावे, असे त्यांना वाटले असावे. मलाही वाटते.

मंडळीपुढे मी एक सूचना ठेवली आहे. आमच्याकडे प्रार्थना-विनंत्यांची वही असते. तिच्यात आजाऱ्याचे नाव आणि आजार लिहितात, रविवारी ते वाचून दाखवतात आणि वही मिटते. त्या वहीत तीन रकाने वाढवावेत: रक्तगट, दवाखान्याची पुढची तारीख, आणि सोबत कोण जाणार. मे महिन्यात कॉलेजे बंद झाली की रक्तदान शिबिरे कमी होतात आणि रक्तपेढ्यांत टंचाई येते, नेमकी तेव्हाच सिकलसेलच्या मुलांना रक्त लागण्याची भीती जास्त. काहींनी विचारले, हे प्रार्थनेच्या वहीत कशाला, वेगळी वही करू. मी नको म्हणालो आणि त्यांना अहरोनाचा धोंडा दाखवला. पाळकसाहेबांनी त्याच वहीत रेघा मारून दिल्या. गेल्या रविवारी माझ्या भाचीच्या नावापुढे लिहिले गेले: बी पॉझिटिव्ह, गुरुवार, दोन पिशव्या. शेवटच्या रकान्यात ज्येष्ठ बंधूंनी स्वतःचे नाव घातले, आणि त्याच्या खाली, रविवारी कधीही चर्चमध्ये न येणाऱ्या त्या सहकाऱ्यांचे.